घर-शिवार : जुना बंब ठेवावा की काढावा?



दिवाळी सरली, पहाटे अंगावर काटा येऊ लागला, की टपालात एक प्रश्न हटकून येतो. यंदा तो जरा जास्तच आला. घरात सासूबाईंच्या, क्वचित आजेसासूबाईंच्या वेळचा तांब्याचा बंब आहे. तोटी गळते, तळाला एकदा डाख लावून झाला आहे, धूर फार होतो. धाकटा मुलगा म्हणतो गिझर बसवू. थोरला म्हणतो सोलर. म्हातारी माणसे म्हणतात, बंबाच्या पाण्याची सर कशालाच यायची नाही. घरात रोज सकाळी यावरून बोलाचाली होते. तर साहेब, तुम्हीच काय ते सांगा.

मी शेतीखात्यातला माणूस. बंबाचा आणि माझा संबंध काय, असे कोणी म्हणेल. पण बंबात जळते ते शिवारातूनच येते, आणि ते आणायला जाते तीही शेतावरच राबणारी बाई असते. तेव्हा हा प्रश्न न्हाणीघराचा तेवढाच शेतीचाही आहे. सगळ्या घरांना लागू पडेल असे एकच उत्तर मात्र मी देणार नाही. उत्तर कसे काढायचे ते सांगतो. नवी वस्तू केवढ्याला मिळते, हा त्यातला शेवटचा प्रश्न. पहिले दोन प्रश्न असे : सरपण कुठून येते, आणि बंब कोण पेटवते?

त्याआधी बंब नीट पाहून घ्या. पुष्कळ बंब नुसत्या तोटीपायी मोडीत जातात. तोटी गळणे म्हणजे बंब गेला असे नव्हे. तोटीची चावी झिजली असेल तर तोटी बदलते, सांध्यातून झिरपत असेल तर डाख लागतो. अंगाला पोचे पडले, झाकण हरवले, कडी तुटली, हे सारे किरकोळ दुखणे. बंबाचा जीव असतो तो मधल्या नळ्यात, जिथे जाळ असतो तिथे. बंब रिकामा करून, काजळी खरवडून, अंधार पडल्यावर त्या नळ्यात बॅटरी सोडा आणि वरचे झाकण काढून पाण्याच्या बाजूने बघा. कुठे उजेडाचा ठिपका दिसला तर भोक आहेच. ठिपका नसला तरी जाळीच्या वर वीतभर जागा अंगठ्याने दाबून पाहा. सगळ्यात जास्त धग तिथे लागते. पत्रा आत दबतो, कागदासारखा लागतो, असे झाले तर तो पातळ झाला आहे. मग बंब काठोकाठ भरून रात्रभर कोरड्या फरशीवर ठेवा. सकाळी ओल कुठे आहे ते दिसेल.

माझा ठोकताळा असा. गळती बाहेरच्या सांध्याला असेल तर बिनघोर दुरुस्त करा. मधल्या नळ्याला पहिल्यांदाच असेल आणि आजूबाजूचा पत्रा घट्ट असेल, तरीही दुरुस्ती करायला हरकत नाही. पण एकदा डाख लावलेल्या जागेच्या शेजारीच वर्षाच्या आत पुन्हा गळू लागले, तर दोष डाखाचा नव्हे, तांबेच सरले आहे. तिथे डाखावर डाख लावण्यात पैसे घालू नका. एकतर मधला नळा नवा घालून घ्या, नाहीतर बंब मोडीत. नळा बदलायला जाणता तांबट लागतो. पुण्याच्या तांबट आळीसारख्या जागी अजून हाताने काम करणारे कारागीर आहेत, पण आठवडे-बाजारात डाख लावून देणारा माणूस पूर्वीसारखा हमखास भेटत नाही. तुमच्या तालुक्याला असा कोणी आहे की नाही, हाही हिशेबाचा भाग समजा.

डाख का सुटतो तेही सांगून ठेवतो. कथलाचा डाख सव्वादोनशे अंशांच्या आतबाहेरच वितळतो, तांब्याला वितळायला हजाराच्या वर उष्णता लागते. बंबात पाणी आहे तोवर ते शंभराच्या पुढे तापत नाही, म्हणून डाख सुखरूप राहतो. पण शेवटचा माणूस पाणी काढून घेतो, बंब अर्धा रिकामा होतो आणि खाली निखारे तसेच असतात. तिथे डाख ढिला होतो. म्हणून काढले तेवढे पाणी लगेच वर ओतायचे, ही जुनी रीत मोडू नका. कथलाच्या डाखात बहुधा शिसेही असते. तेव्हा बंबातले पाणी आंघोळीचे. चहाला, बाळाच्या दुधात घालायला ते घेऊ नये.

आता सरपण. एक वही घ्या, भिंतीवरच्या खिळ्याला अडकवा आणि आठ दिवस लिहा : बंबात किती किलो लाकूड गेले, किती बादल्या पाणी निघाले, पेटवल्यापासून पहिली बादली मिळेपर्यंत किती मिनिटे लागली. लाकूड वजन करूनच घाला. "चार ढलप्या" हे माप नव्हे.

हिशेब कसा करायचा ते एका घरावरून दाखवतो. घरात सहा माणसे, प्रत्येकाला वीस लिटरची एक बादली, म्हणजे १२० लिटर. हिवाळ्यात पाणी २० अंशांचे धरा, आंघोळीला ४० अंशांचे लागते. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते, म्हणून १२० गुणिले २०, झाल्या २,४०० किलोकॅलरी. चांगल्या वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत साडेतीन हजारांच्या आसपास असतात. म्हणजे सगळी उष्णता पाण्यात गेली असती तर पाऊण किलोदेखील लाकूड लागले नसते. तुमच्या वहीत मात्र अडीच किलो निघाले समजा. याचा अर्थ चार भागांतला एकाहून थोडा जास्त भाग पाण्यात गेला आणि बाकीचा धुराड्यातून आभाळात. वर्षातले आठ महिने, २४० दिवस, अडीच किलोने सहा क्विंटल लाकूड होते. आमच्याकडे सरपणाला काही पडत नाही, असे म्हणणाऱ्या कारभाऱ्याने हा आकडा एकदा मोठ्याने वाचावा.

वहीतला आकडा फार मोठा निघाला तर लगेच बंबाला दोष देऊ नका. आधी दोन गोष्टी करा. मधल्या नळ्याची काजळी दर आठवड्याला खरवडा, आणि आतल्या बाजूचा पांढरा थर काढा. बोअरच्या पाण्याने तो थर वर्षा-दोन वर्षांत चढतो, आणि धग पाण्यापर्यंत पोचायच्या आधी त्यातच अडते. चिंचेचे दाट पाणी किंवा लिंबू रात्रभर भरून ठेवले, सकाळी काथ्याने घासले, की बराचसा सुटतो. संडास धुवायचे ॲसिड ओतू नका, ते थराबरोबर सांधेही खाते. हे करून पुन्हा आठ दिवस लिहा. सरपण कमी झाले तर दुखणे बंबाचे नव्हते.

तांब्याच्या बंबात पाणी लवकर तापते आणि स्टीलच्या बंबात उशिरा, असे सगळीकडे म्हणतात. तांबे उष्णता अधिक चांगली वाहून नेते हे खरे आहे. पण एवढ्या पातळ पत्र्यात त्याने फारसा फरक पडत नाही, काजळीने जास्त पडतो. तांब्याचे खरे मोल निराळे : ते दुरुस्त होते, आणि मोडीतही पैसे देते. बाजारातले हलक्या स्टीलचे बंब खाऱ्या पाण्यात जोडाजवळ गंजतात, आणि त्यांना मोडीत कोणी विचारत नाही.

बंबात काय घालता, यावर मला शेतीखात्याच्या वतीने बोलायलाच हवे. ओली लाकडे घालू नका. त्यांतली काही धग त्यांचेच पाणी वाळवण्यात जाते. बंबफोड लाकूड पावसाळ्याआधी फोडून, आडोशाला रचून ठेवलेले असावे. उसाचे पाचट बंबात घालू नका. ते भडकन पेटते, मिनिटात संपते, आणि त्याची जागा उसाच्या सरीत आहे, जिथे ते कुजून जमिनीला सेंद्रिय कर्ब देते. तुराट्या, मक्याची बुरकुंडे, करवंट्या चालतील. प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि ठिबकच्या जुन्या नळ्या पेटवणीला वापरणारी घरेही मी पाहतो. त्या धुरात लहान मुले अंग शेकत उभी असतात. कृपा करून हे बंद करा.

आणि पऱ्हाट्या. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातल्या वाचकांनी हे जरा थांबून वाचावे. कपाशीची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाट्या उपटून बंबासाठी घराशेजारी किंवा बांधावर रचून ठेवायची पद्धत आहे. त्या गंजीत न उमललेली, किडकी बोंडे तशीच राहतात आणि त्यांत गुलाबी बोंडअळी पुढचा हंगाम येईपर्यंत दडून बसते. म्हणून कृषी विद्यापीठे आणि खाते दोघेही सांगतात की पऱ्हाटीची गंज करू नये, ती वेळेत नष्ट करावी किंवा यंत्राने बारीक करून खतात घालावी. ज्या घरी बंब पऱ्हाटीवरच चालतो त्या घरी तो फुकट चालतो असे समजू नका. पुढच्या कपाशीवर फवारणीचा खर्च वाढला, तर त्यातला काही वाटा त्या गंजीच्या खात्यावर लिहावा लागेल. अशा घरी बंब कितीही ठणठणीत असला तरी बदलण्याचा विचार जरूर करावा.

राखेचेही दोन शब्द. राखेत पालाश असते, चुनाही असतो. कोकणातल्या आंबट जांभ्या जमिनीत नारळाच्या आळ्यात ती चालते. देशावरच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनी मुळातच विम्लतेकडे झुकलेल्या असतात, तिथे एकाच वाफ्यात वर्षभर राख ओतत राहू नये. युरियात किंवा शेणखतात राख मिसळली तर नत्र वाफ होऊन उडून जाते, म्हणून ती उकिरड्यावरही नको.

आता दुसरा प्रश्न. बंब कोण पेटवते?

बहुतेक घरी उत्तर एकच असते आणि ते पत्रात कोणी लिहीत नाही. पहाटे साडेचार-पाचला उठून, काल राहिलेली राख काढून, डोळ्यांत धूर घेत फुंकणारी सून किंवा घरधनीण असते. सहा माणसांच्या आंघोळी उरकेपर्यंत तिला मध्येमध्ये ढलपी घालायला यावे लागते. गावोगाव उज्ज्वला योजनेचा गॅस पोचला, ही योजना २०१६ सालची. स्वयंपाकघरातला धूर पुष्कळ कमी झाला. पण परसातला बंब तसाच राहिला, आणि त्याच्यासाठी मोळी आणणेही राहिले. समजा, आठवड्यातून अर्धा दिवस सरपणात जातो. आठ महिन्यांचे चौतीस-पस्तीस आठवडे, म्हणजे वर्षाला सतरा दिवस. तुमच्या गावात बाईला जो रोज मिळतो त्याने सतराला गुणा. याच बाईला कांद्याच्या लागणीला किंवा सोयाबीनच्या खुरपणीला दुसऱ्याच्या शेतात पाठवली असती तर तो पैसा रोख हातात आला असता. घरच्या कामाला मोल नाही असे धरून केलेला हिशेब खोटाच येणार.

पुरुष मंडळींना माझी एक सूचना आहे. वर सांगितलेली आठ दिवसांची वही तुम्ही लिहा आणि ते आठ दिवस बंबही तुम्हीच पेटवा. आकडे जास्त अचूक येतील.

आता पर्याय पाहू. सगळ्यात आधी जे घ्यायचेच नाही ते. बादलीत सोडायची विजेची कांडी स्वस्त मिळते, म्हणून घरोघरी आहे. धातूच्या बादलीत, ओल्या फरशीवर, अर्थिंग नसलेल्या खटक्यावर ती लावतात आणि चालू असतानाच पाण्यात हात घालून पाणी तापले का ते पाहतात. दर हिवाळ्यात यात माणसे जातात. जुन्या बंबाच्या जागी कांडी आणायची असेल तर जुना बंब बरा.

साठवणीचा गिझर ही चांगली वस्तू आहे, पण त्याआधी घरातली वायर, अर्थिंग आणि विजेचे बिल पाहा. बहुतेक गिझर दोन हजार वॅटचे असतात. ते साध्या पिनेवर चालत नाहीत, सोळा अँपिअरचा खटका, त्याला शोभेल अशी जाड वायर आणि खरे अर्थिंग लागते. जमिनीत नुसती सळई ठोकून ती कोणी कधी तपासलीच नाही, तर ते अर्थिंग नव्हे. शिवाय गळती झाली की वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर बसवून घ्या. बिलावर तुमचा मंजूर भार लिहिलेला असतो, तो एक किलोवॅट असेल तर वाढवून घ्यावा लागेल.

खर्चाचे असे. एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. आपल्या २,४०० किलोकॅलरींना पावणेतीन-तीन युनिटे, महिन्याला नव्वद. आता बिल काढा. महाराष्ट्रात घरगुती विजेचा पहिला टप्पा शंभर युनिटांपर्यंतचा, पुढचा तीनशेपर्यंतचा, आणि दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याहून बराच चढा. तुमचे घर आज ऐंशी युनिटांत भागत असेल तर गिझरने ते एकशे सत्तरला जाईल. वाढलेल्या नव्वदांतली सत्तर युनिटे चढ्या दराची. दुकानदार हिशेब सांगतो तो पहिल्या टप्प्याच्या दराने. तुम्ही दुसऱ्या टप्प्याचा दर घेऊन गुणाकार करा.

आणि पहाटेची वीज. गावाच्या टोकाला असलेल्या घरात व्होल्टेज २३० चे १८० झाले तर गिझरची ताकद शंभराची साठावर येते. युनिटे फारशी वाढत नाहीत, पण पंधरा मिनिटांचे पाणी पंचवीस मिनिटांनी मिळते. शाळा-कॉलेजच्या एसटीची वेळ असेल तर हे आधी लक्षात घ्यावे.

गॅसच्या गिझरबद्दल थोडक्यात. वरच्याच आंघोळींना दिवसाला पावशेराहून थोडा जास्त गॅस लागतो, म्हणजे १४.२ किलोची टाकी निव्वळ आंघोळीत पन्नासेक दिवसांत संपते. पैशाचा हिशेब तुम्ही करालच. पण हा गिझर बंद न्हाणीघरात बसवू नका. आत हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. गिझर बाहेरच्या भिंतीला, मोकळ्या हवेत असावा. बंबालाही हाच नियम. थंडी वाजते म्हणून निखाऱ्याचा बंब आत ओढून दार लावणाऱ्यांनी तो जीव धोक्यात घालून ओढलेला असतो.

गोबरगॅसवर पाणी तापवावे का, असे एका भगिनीने विचारले आहे. एक घनमीटर गोबरगॅसमधून शेगडीवर पाण्याला सव्वादोन-अडीच हजार किलोकॅलरी मिळतात. म्हणजे सहा आंघोळींना जवळजवळ एक घनमीटर. घरचे संयंत्र दोन घनमीटरचे असेल तर निम्मा गॅस आंघोळीतच गेला, स्वयंपाकाला कमी पडेल. जनावरे भरपूर आणि संयंत्र मोठे असेल तरच हा विचार करावा.

सोलरकडे माझा स्वतःचा कल आहे, तरी डोळे झाकून घ्या असे म्हणणार नाही. आपल्याकडे हिवाळा म्हणजे निरभ्र आभाळ, आणि गरम पाणी लागते तेही हिवाळ्यातच. हा योग फार चांगला आहे. शंभर लिटरच्या सोलरच्या टाकीत पहाटे ५५ अंशांचे पाणी असले, तर त्यात थंड पाणी मिसळून ४० अंशांचे पावणेदोनशे लिटर होते. म्हणजे आठ-नऊ बादल्या. सहा माणसांच्या घराला शंभर लिटरचा पुरतो. विक्रेता दोनशेचा गळ्यात मारू पाहील, त्याला हा हिशेब सांगा.

पण छप्पर पाहा. शंभर किलो तर नुसते पाणी, वर टाकी आणि चौकट. हे वजन स्लॅबच्या घरावर चालते, कौलांवर किंवा पत्र्यावर नाही. तिथे परसात दक्षिणेला सावली नसलेल्या जागी दगडी ओटा बांधून वर चौकट ठेवता येते, पण मग थंड पाण्याची टाकी त्याहून उंच लागते. न्हाणीघर लांब असेल तर आणखी एक अडचण : पाऊण इंची वीस मीटर नळात साडेपाच लिटरच्या वर पाणी रात्रभर थंड होऊन राहते, आणि पहिला माणूस ते ओतून देतो. दुष्काळी भागात त्याखाली बादली ठेवावी. बोअरचे पाणी जड असेल तर ताट-पद्धतीच्या सोलरच्या बारीक तांब्याच्या नळ्या थराने भरतात, तिथे काचेच्या नळ्यांचा प्रकार जास्त दिवस टिकतो. पण माकडांचा उपद्रव असलेल्या गावी काचेच्या नळ्या घेताना विचार करा. फेब्रुवारी-मार्चमधली गारपीटही लक्षात ठेवा आणि सुट्या नळ्या तालुक्याला मिळतात ना, ते घेण्याआधी विचारा.

एक गोंधळ मिटवतो. २०२४ साली सुरू झालेली प्रधानमंत्री सूर्यघर योजना छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी आहे. पाणी तापवायच्या सोलरला ती लागू नाही. "या योजनेत बसवून देतो" म्हणून पाण्याच्या सोलरसाठी आगाऊ पैसे मागणारा आला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आणि पावसाळा? आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, त्या दिवसांत सोलरचे पाणी कोमटही होत नाही. म्हणूनच सांगतो, सोलर बसवला त्याच दिवशी बंब मोडीत घालू नका. चांगला बंब असेल तर पावसाळ्यापुरता, बाळंतिणीपुरता, घरी लग्नकार्याला पाहुणे आले त्या दिवसांपुरता ठेवावा. वर्षात चाळीस दिवस चालणारा बंब एक-दीड क्विंटल लाकडात भागतो, त्यासाठी बाईला दर आठवड्याला मोळी आणावी लागत नाही.

आता ठरवायचे कसे? तासगावकडच्या एखाद्या द्राक्षबागायतदाराच्या घरी एप्रिलच्या खरड छाटणीच्या आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीच्या काड्या बांधावर पडलेल्या असतात. कोकणात परसात सोडणे आणि करवंट्यांचा ढीग असतो. अशा घरी सरपण दारातच आहे, बंब धड आहे, मोकळ्या हवेत आहे, तर तोटी बदला, काजळी काढा आणि खुशाल चालवा. फक्त पेटवायची पाळी घरात वाटून घ्या. माण-सांगोल्याकडे मोळी विकत घ्यावी लागते किंवा दोन-दोन मैलांवरून वेड्या बाभळीची डोक्यावर आणावी लागते, तिथे स्लॅबचे घर असेल तर सोलरला उशीर करू नका, बंब धड असला तरीही. स्लॅब नाही, पण वीज बरी आहे आणि माणसे दोन-तीनच आहेत, तर लहान गिझर. तिघांच्या आंघोळीला महिन्याला पंचेचाळीस युनिटे, ती झेपतात. नुसती म्हातारा-म्हातारी गावी आणि मुले शहरात, अशी घरे आता खूप झाली. तिथे बंबाची आठवण कितीही गोड असली तरी पहाटे वाकून जाळ फुंकायला आणि भरलेली बादली उचलायला लावू नका. शहरातल्या मुलांनी दिवाळीला कपडे आणण्याऐवजी अर्थिंग तपासून गिझर बसवून द्यावा.

बंब मोडीतच घालायचे ठरले, तर एवढे करा. आदल्या दिवशी काजळी आणि पांढरा थर घरीच काढा, नाहीतर मोडवाला त्याच्या नावाखाली घट धरतो ती दुप्पट धरतो. लोखंडी जाळी आणि पितळी तोटी वेगळी करा, कारण तिन्हींचा भाव निराळा. घरच्या काट्यावर वजन करून आकडा वहीत लिहा. आणि दारावर आलेल्या फेरीवाल्याला त्याच दिवशी देऊ नका. तालुक्याला दोन दुकानी तांब्याच्या मोडीचा भाव विचारा, मग सासूबाईंना विचारा. बंब त्यांच्या लग्नात आंदण आलेला असेल, तर आलेले पैसे कोणाच्या हातात द्यायचे हे वेगळे सांगायला नको.